वेंगुर्ल्याला दोन दिवस: वारा, समुद्र आणि घरची परवानगी

भूगोलवाली:
नमस्कार. आम्ही बेळगावात बी.एससी.च्या शेवटच्या वर्षाला आहोत, मुलं-मुली मिळून चौदाजण. फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी वेंगुर्ल्याला जाऊन येऊया म्हणतोय. अडचण घरची आहे. 2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावचे आठजण बुडाले, तेव्हापासून आमच्याकडे समुद्राचं नाव काढायची सोय नाही. त्यात वेंगुर्ल्याला वारा फार असतो म्हणतात. तिथलं कुणी असेल तर सांगा की, कधी काय करायचं आणि बसचं कसं?

वेंगुर्लेकरीण:
माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर बेळगावातल्या शहापूरचं. तुझ्या आईची भीती खरी आहे, ती उडवून लावू नकोस. पण जाऊच नका असं मी म्हणणार नाही.

आधी वारा समजून घ्या. पहाटे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तेव्हा पाणी तेलासारखं गप्प असतं. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत घुसतो. दुपारी तीन-चारला सागरेश्वरच्या वाळूत उभी राहा, पोटऱ्यांना वाळूचे कण टोचतात, ओढणी अंगावर ठरत नाही, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. बेळगावहून सकाळी निघालेली पोरं घाट उतरून, जेवूनखाऊन नेमकी ह्याच वेळेला किनाऱ्यावर येतात आणि कपड्यांनिशी पाण्यात धावतात. मला ते बघवत नाही.

लाटांनी वर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तीच ती वाट, तिथेच ओढ असते. नवखा माणूस शांत बघून तिथेच उतरतो. गुडघ्यावर पाणी नको, आणि तेही गावातल्या माणसाला विचारून. कुणी ओढीत सापडलाच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं, हात वर करायचा. बाकीच्यांनी मागोमाग उड्या टाकायच्या नाहीत. दोरी, रिकामा कॅन, मिळेल ते फेका आणि मच्छीमारांना हाक मारा.

म्हणून शनिवारची दुपार गावाला द्या. क्रॉफर्ड मार्केट बघा, 17 व्या शतकातली डच वखार बघा, पडकी असली तरी. रेल्वे यायच्या आधी बेळगावच्या कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीचा माल ह्याच बंदरात उतरून घाटाने वर यायचा, तुम्ही भूगोलवाल्यांनी तरी हे बघायलाच हवं. सागरेश्वरला रविवारी सकाळी जा.

अनगोळकर:
मध्यवर्ती बसस्थानकावरून सावंतवाडीची गाडी, पुढे वेंगुर्ल्याची एसटी. आपली शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातला बायकांचा मोफत बसप्रवास, आंतरराज्य गाडीला चालत नाही. महाराष्ट्राची एसटी मिळाली तर त्यांच्या हद्दीतल्या अंतराला मुलींना निम्मं तिकीट. सीमाप्रश्न तापला की गाड्या हद्दीवर अडतात, तेव्हा आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करा. आंबोली घाटाच्या वळणांत ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावं.

भूगोलवाली:
काकू, आईला सगळं वाचून दाखवलं. पहिल्यांदाच सरळ "नाही" म्हणाली नाही! विचारतेय, रात्री पोरं किनाऱ्यावर बसतील त्याचं काय?

वेंगुर्लेकरीण:
बसू दे की. सूर्य बुडाल्यावर वारा हळूहळू पडतो, तेव्हाच बसायला बरं. पण अंधारात पाण्यात पाऊलसुद्धा नाही, खडकांवर चढणं नाही, आणि भरती कधी ते जेट्टीवर आधी विचारून घ्या. निघताना आणि परतल्यावर डोकी मोजा, हे काम एकाच्याच गळ्यात घाला. आईला रात्री नऊला फोन करायचा, न चुकता.

आणि जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. चौदा ताटं ऐनवेळी कुणी वाढत नाही. मासे न खाणारे किती तेही सांगा, काजूची उसळ करायची तर काजू आधी भिजत घालावे लागतात.