ट्रेलरची लिथियम बॅटरी अल्टरनेटरवरून: सरळ तार की मध्ये चार्जर?

सुदामानगरकर
कॅम्पिंगसाठी छोटा ट्रेलर बांधून घेतलाय. त्यात १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी. ओढायला डिझेल गाडी, तिचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) ९० अँपिअरचा. जो तो म्हणतो मध्ये डीसी-डीसी चार्जर लाव, म्हणजे करंट ठरावीक ठेवून बॅटरीला हवा तो व्होल्टेज देणारा डबा. का बुवा? लिथियमला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, गाडी १४ च्या वर देतेच. इंदूरच्या महाराणी रोडवरून तांब्याची तार, एक रिले (विजेवर चालणारा स्विच), एक फ्यूज आणायचा, झालं काम. उरलेल्या पैशांत ओंकारेश्वरच्या चार फेऱ्या होतील.

जुना वायरमन
फेऱ्या होतील, पण परतीच्या वाटेवरचा भेरूघाटाचा चढ आठवा. लेड बॅटरी भरत आली की स्वतःहून हात आखडता घेते. लिथियमचा आतला रोध फारच कमी, ती जवळजवळ भरेपर्यंत ओढतच राहते. आणि ते ९० अँपिअर काही दर वेळी मिळत नाहीत, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तर त्याच्या बरेच खाली. मे महिना, पुढे रांगणारा ट्रक, एसी चालू, बॉनेटखाली वारा नाही. अशा वेळी तासभर पूर्ण ताण पडला की अल्टरनेटरमधले डायोड भाजतात. मी स्वतः असाच एक अल्टरनेटर घालवलाय. आधी वास आला, मग डॅशवर लाल दिवा. पोह्यांचा बेत तिथेच राहिला.

सुदामानगरकर
काका, तारच करंट रोखते की! जाऊन-येऊन १२ मीटर, तार ६ चौरस मिलिमीटरची. ३० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट तिथेच पडतो.

जुना वायरमन
मग पलीकडे उरले १३.२. लिथियम नुसती पडून असतानाच १३.३ च्या आसपास असते. ३० अँपिअर टिकतील किती वेळ? अल्टरनेटर वाचवायला बॅटरी उपाशी ठेवायची, हा कुठला हिशेब?

लोकमान्यनगरवाली
रिलेचं कोणी बोलतच नाहीये. व्होल्टेज बघून तुटणारे रिले साधारण १२.८ ला सुटतात. लिथियम त्याच्या वरच बसलेली, म्हणजे इंजिन बंद केलं तरी रिले चिकटलेलाच, आणि ट्रेलरची बॅटरी पुढच्या लेड बॅटरीत रिकामी होत राहणार. रिले लावायचाच तर इग्निशनवरचा (चावी बंद की तुटणारा) लावा. शिवाय बीएस-६ मधल्या काही गाड्या इंधन वाचवायला अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम उतरवतात. तिथे सरळ तारेचा उपयोग शून्य.

छतावरचं ऊन
भिया, वाद कशाचा चाललाय? ८० अँपिअर-अवर भरायला ३० अँपिअरने पावणेतीन तास. ओंकारेश्वर त्याआधीच येतं. घरून भरून निघा, छतावर ४०० वॅटचं पॅनल टाका, अल्टरनेटरला हातच लावू नका.

लोकमान्यनगरवाली
आणि श्रावणात? माळव्यात झड लागली की तुमचं पॅनल नुसतं धुऊन निघतं.

छतावरचं ऊन
श्रावणात कॅम्पिंगला जातं कोण?

लोकमान्यनगरवाली
आम्ही जातो. जानापावच्या डोंगरावर तेव्हाच तर जायचं असतं.

सुदामानगरकर
बरं, रिलेचा मुद्दा पटला, घाटाचाही. २० अँपिअरचा चार्जर ट्रेलरमध्ये बॅटरीशेजारी बसवतो, इग्निशनवर चालणारा. पण तार मी १६ चौरस मिलिमीटरचीच टाकणार.

जुना वायरमन
आता खुशाल टाका, आता करंटला लगाम आहे. फ्यूज मात्र एक नाही, दोन. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तार मध्ये कुठेही घासली तरी आग दोन्हीकडून येईल.