बाबांची बारा बोर बंदूक फार्महाऊसवर ठेवून यायची का? घरात महाभारत चालू आहे

धंतोलीवाला
नमस्कार मंडळी, फॅमिली ग्रुपवर विचारलं तं सगळे काकाच उत्तर देतात म्हणून इथे विचारून राहिलो. आमची देवलापारच्या पुढे साडेतीन एकर आहे, त्यात दोन खोल्या बांधल्या, त्यालाच आम्ही फार्महाऊस म्हणतो. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जातो, पावसाळ्यात तं दीड-दोन महिने कोणी फिरकत नाही. बाबांकडे (वय ७३) आजोबांची बारा बोर दुनळी आहे, लायसन बाबांच्या नावावर, पत्ता नागपूरच्या फ्लॅटचा. दसऱ्याला पूजा आणि मधे कधी तेल लावणं, याच्याशिवाय तिला काही काम नाही. आता घरात दोन पोट्टे आहेत, मोठा सात वर्षांचा, आणि मागच्या महिन्यात त्याने कपाटाची चावी देवघरातून शोधून काढली. कपाट उघडलं नाही, पण बायकोने त्या दिवशीच सांगितलं की ही बंदूक घरात नको. बाबा म्हणतात विकणार नाही. मग मीच मधला मार्ग काढला की फार्महाऊसवर लोखंडी कपाट आहे, भिंतीत ठोकून घेतो आणि तिथे ठेवून येतो. पुढच्या रविवारी गाडीत टाकून नेणार आहे. कोणी असं ठेवते का? काही अडचण येईल का?

उमरेडरोड
मी ठेवतो भाऊ, अकरा वर्षं झाली, काही नाही झालं. दुनळीचे तीन भाग सुटे होतात, नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड. पुढचं लाकूड मी काढून नागपूरला घरी आणतो, म्हणजे चोराने नेली तरी त्याला नीट जोडता येणार नाही. काडतुसं पण घरीच. फक्त चामड्याच्या कव्हरमधे नको ठेवू, चामडं ओल धरते आणि पावसाळ्यात नळीला आतून गंज चढते.

रामटेकचा_भाऊ
उमरेडरोड दादा, तुमच्याकडे सालदार बायकापोरांसहित राहते ना शेतावर? मागे तुम्हीच लिहिलं होतं. मग ते रिकामं घर नाही. धंतोलीवाल्याचं घर दीड महिना रिकामं राहते, त्यात फरक आहे.

आमच्या मामाची गोष्ट सांगतो. मनसरकडे शेत, अशाच दोन खोल्या, भिंतीत बोल्टने कसलेलं कपाट, वरून कॅमेरा. पोळ्याच्या आठवड्यात चोर आले, त्यांना बंदूक आहे हे माहीतही नव्हतं, ते आले होते मोटरपंपाची केबल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि सिलेंडर न्यायला. पण कपाटाला दोन कुलपं दिसली की माणसाला वाटते आत सोनं आहे. सब्बल लावली, बोल्ट भिंतीतून विटेसकट बाहेर. रात्र त्यांचीच होती, आवाज ऐकायला कोण आहे तिथे! कॅमेऱ्याचं म्हणाल तं लाईन गेली होती, शेवटच्या फोटोत एक दुपट्टा बांधलेला माणूस आणि आमचा कुत्रा शेपटी हलवत. मामाला आठ दिवसांनी समजलं. आणि खरी अडचण तिथे आली. ठाण्यात पहिला प्रश्न, चोरी कधी झाली? मामा म्हणे पोळ्याच्या आगेमागे. दुसरा प्रश्न, लायसनवर पत्ता नागपूरचा, मग हत्यार इथे काहून? पंप-बॅटरी चोरीला गेली असती तं एक कागद झाला असता, बंदुकीसाठी मामा दोन वर्षं फिरला, लायसन सस्पेंड झालं ते वेगळं. बंदूक अजून सापडली नाही. आजूबाजूला कुठे रानडुक्कर मारल्याची बातमी आली की मामाचं जेवण अर्धं राहते.

काळा_कोट
धंतोलीवाला, कपाटाचं नंतर बघू, आधी ते "गाडीत टाकून नेतो" तपासा. लायसन वडिलांचं आहे, तुमचं नाही. शस्त्र कायदा १९५९ चा, त्यात लायसनधारक स्वतः सोबत असेल आणि त्याच्याच वापरासाठी असेल तर दुसऱ्याने उचललेलं चालते, किंवा त्याने लेखी अधिकार देऊन रिपेअर वा रिन्यूअलला पाठवलं तर चालते. मुलाने एकट्याने नेऊन ठेवली आणि चावी मुलाच्याच खिशात, म्हणजे ताबा कोणाचा झाला? नाक्यावर गाडी तपासली तर "बाबांची आहे" एवढ्याने भागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षा वाढल्या आहेत, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका.

दुसरं, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लायसनदाराने लिहून द्यायची असते. धंतोली पोलिस आयुक्तांच्या हद्दीत, देवलापार नागपूर ग्रामीणमधे, म्हणजे नेहमीची ठेवायची जागा बदलायची असेल तर आधी लेखी कळवून विचारा, नंतर नाही.

तिसरं कोणीच बोललं नाही. देवलापारकडे पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, मानसिंगदेव अभयारण्य आहे. वन्यजीव कायदा १९७२, कलम ३४ वाचा. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनधारकाला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन त्यांच्या संमतीशिवाय मिळत नाही. तुम्ही तिथे "राहता" का यावर वाद घालता येईल, पण तो वाद रिकाम्या घरात बंदूक सापडल्यावर घालायची हौस कोणाला आहे? आणि अभयारण्याच्या आत विनापरवानगी हत्यार घेऊन शिरणं तं सरळ गुन्हाच आहे.

उमरेडरोड, तुमच्या सालदाराला कपाटाची चावी माहीत आहे का? रिटेनर म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने हत्यार बाळगणारा माणूस म्हणून, त्याचं नाव लायसनवर नसेल तर त्याचंही अवघड आणि तुमचंही.

उमरेडरोड
चावी माझ्याकडेच असते वकील साहेब. एक डुप्लिकेट चुलीमागच्या कोनाड्यात आहे. आता लिहून राहिलो तेव्हा समजून राहिलं की सालदाराला माहीत असेलच.

संत्राबर्फी
मी तर एअरगन ठेवतो शेतावर, लायसनची कटकट नाही, वांदरं संत्री खातात तेव्हा कामात येते 😀

काळा_कोट
एअरगनचं बोर .१७७ इंच आणि छऱ्याचा जोर २० जूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही, बरोबर. पण वांदरांवर झाडली तर वन्यजीव कायदा लागतो. फटाके वाजवा.

मानेवाडा_ताई
सगळे चोराचं बोलून राहिले, मी पोराचं बोलते. दादा, तुम्ही बंदूक पोट्ट्यापासून दूर नेता म्हणता, पण शनिवार-रविवारी पोट्टा कुठे असते? त्याच दोन खोल्यांत. घरी वहिनी चोवीस तास डोळ्यात तेल घालून असतात, तिथे सगळे चुलीपाशी वांग्याचं भरीत नाही तर सावजी रस्सा करण्यात गुंग, पोरं आत लपाछपी खेळतात. धोका देवघरात ठेवलेल्या चावीत आहे. चावी बाबांच्या करदोड्याला बांधा, उघड्या दुनळीतून जाणारं केबलचं कुलूप मिळते ते लावा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. वहिनींना तरीही नको असेल तर लायसन असलेल्या आर्म्स डीलरकडे जमा करा. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं. इलेक्शनच्या वेळी जमा करायची नोटीस यायची तेव्हा ठाण्यात न्यायचे आणि तीच धावपळ, २०२४ मधे लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या तेव्हा ते म्हणाले आता बास, दुकानातच राहू दे. आणि विचार करा, तुमची नोटीस फ्लॅटवर येईल, बंदूक देवलापारला, आणि बाबांना गाडीत बसवून आणायला न्या.

धंतोलीवाला
मंडळी, काल रात्री हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. रविवारचं रद्द केलं. रामटेकच्या भाऊच्या मामाचं ऐकून ते खूप वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझ्या बापाची बंदूक कोणत्या पोट्ट्याच्या हातात जाईन आणि तो काय मारन, मला काय माहीत." करदोडा लगेच मंजूर झाला, चावी आता तिथे आहे. केबलचं कुलूप उद्या आणतो. डीलरकडे जाऊ म्हटलं तं विचारतात, तिथे तेल कोण लावन? सोमवारी त्यांनाच सोबत घेऊन दुकान दाखवायला नेतो, लायसन घेऊन. ताई, तुमच्या सासऱ्यांना ते विचारून सांगा ना, तेलाचं काय करतात?

मानेवाडा_ताई
विचारलं. दर तीन महिन्यांनी स्वतः जातात, दुकानातच बसून पुसतात, चहा पिऊन येतात. जमा केल्याची पावती लायसनच्या झेरॉक्ससोबत ठेवा, त्यावर बंदुकीचा नंबर नीट लिहून घ्या, आमच्या पावतीवर एक आकडा चुकला होता तर पुन्हा जावं लागलं.