मँडरीन मासा फ्रोझन खाण्याला तोंड लावत नाही (समुद्री टाकी, ६० लिटर)

प्रश्न: टाकी सुरू होऊन ४ महिने झालेत. मँडरीन ड्रॅगनेट सोडून १० दिवस. दिवसभर लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेला समुद्री दगड) टोचत फिरतो, पण पेलेट आणि फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) यांच्याकडे बघतही नाही. सोबतचे दोन क्लाउनफिश सगळं फस्त करतात. मँडरीनचं पोट आत जायला लागलंय. काय द्यावं?

उत्तर १: रॉकवर तो कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) वेचतोय. एवढ्या नव्या आणि छोट्या टाकीत ते वाढतात त्यापेक्षा लवकर संपतात. फ्रोझनची सवय नंतर लावा, आधी जिवंत खाणं द्या. खंगलेला मासा नवं काही शिकत नाही.

आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) पिल्लं अंड्यांतून काढा. १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम अंडी, २६-२८ अंश, उजेड आणि सतत हवा. साधारण २४ तासांनी हवा बंद करून १० मिनिटं थांबा. कवचं वर तरंगतील, पिल्लं तळाशी उजेड दाखवाल तिथे गोळा होतील. नळीने ओढा, बारीक जाळीत गाळून धुवा आणि लगेच द्या. अंगातलं पीतक (अंड्यातला बलक) संपलं की पिल्लांत फारसा कस उरत नाही. उशिरा द्यायची तर एनरिचमेंट (आधी पिल्लांनाच पोषक खाणं खाऊ घालणं) लागतं, पण तेही पहिली कात टाकल्यावरच, कारण त्याआधी त्यांना खाताच येत नाही.

प्रश्नकर्ता: क्लाउन ही पिल्लंही गट्ट करतील ना?

उत्तर २: करतीलच. आधी त्यांना दुसऱ्या टोकाला पेलेट द्या. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) १५-२० मिनिटं बंद (पुन्हा चालू करायला विसरू नका!). छोटी काचेची बरणी वाळूवर आडवी ठेवून पिपेटने पिल्लं तिच्यात सोडा. मँडरीन तळाशी सरपटत आत शिरतो. जागा रोज तीच. तिथे खायला लागला की थोडे फ्रोझन सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) मिसळा, दर काही दिवसांनी प्रमाण वाढवा. अख्खा मायसिस त्या तोंडाला मोठा पडतो, चिरून द्या.

उत्तर ३: बरणी ठीक, पण दिवसातून एकदा भागणार नाही, ३-४ वेळा द्यावं लागेल. त्याने नायट्रेट (खाण्या-विष्ठेतून पाण्यात साचणारा घटक) चढेल, पाणी जास्त बदला. जोडीला कोपेपॉड सोडायचे तर टिस्बे जातीचे घ्या, ते रॉकच्या फटींत राहून वाढतात; टिग्रिओपस जातीचे उघड्यावर पोहतात, क्लाउन आधी टिपतात. सोडायचे दिवे गेल्यावर, पंप बंद करून. डोक्यामागचा भाग खपाटीला गेला असेल तर प्रयोग नकोत, जुन्या, मोठ्या टाकीवाल्याकडे द्या.