समाज खरंच पुढे जातो का? आशेला ठोस आधार हवा

कृष्णाकाठ:
बातम्या वाचल्या की वाटतं, शंभर वर्षांनीही माणूस आहे तिथेच असेल. 'होईल सगळं नीट' असा दिलासा नको. नवी लस किंवा यंत्र आलं म्हणून नव्हे, तर माणसांनी वागणं बदललं म्हणून झालेला एखादा टिकाऊ बदल तपशिलात सांगाल का?

माळरान:
नारू, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा जंताचा रोग. यावर लस नाही, औषध नाही, आणि एकदा होऊन गेला तरी पुन्हा होतो. 1984 मध्ये भारतात सुमारे 40 हजार रुग्ण होते, सात राज्यांत; महाराष्ट्र त्यांतलाच. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला.

नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जीवात असते. ते पाणी प्यायलं की साधारण वर्षाने हातभराहून लांब मादी, बहुधा पायाला फोड आणून, बाहेर पडते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि अळ्या तिथेच सुटतात. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाण्यात उभे राहूनच घागर भरत, म्हणून त्या विहिरी बंद केल्या किंवा वरून शेंदायच्या केल्या, हातपंप दिले, पाण्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारं रसायन टाकलं. घरोघरी बारीक विणीचं फडकं लावून पाणी गाळायला शिकवलं. यात चूक व्हायची ती अशी: फडकं उलट्या बाजूने लावलं, की आदल्या दिवशी अडकलेले जीव परत घागरीत. नारू काढतानाही रोज थोडा थोडा काडीला गुंडाळायचा. ओढला आणि तुटला तर पाय सुजतो, पिकतो.

जगभरात 1986 मध्ये अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2023 मध्ये 14.

उंबरठा:
उदाहरण चांगलं आहे, पण शेवटचा टप्पा अडलाय हेही सांगायला हवं. आफ्रिकेतल्या चाड देशात नारू कुत्र्यांत सापडू लागला, म्हणून आता तिथे कुत्री बांधून ठेवणं आणि मासळीची आतडी कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून पुरणं यावर भर आहे. शिवाय नारू राहावा असं कुणालाच वाटत नव्हतं. बालविवाहासारख्या गोष्टीचं काय?

गोदातीर:
तिथेही बदल आहे, फक्त आकडा नीट वाचावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या किती, हे पाहतात. त्याहून लहान मुलींचं अजून कळायचं असतं, मोठ्या वयोगटांत जुना काळ मिसळतो. देशात 2005-06 मध्ये हे प्रमाण 47 टक्के होतं, 2015-16 मध्ये 27, 2019-21 मध्ये 23. महाराष्ट्रात 2015-16 ते 2019-21 या काळात 26 वरून 22. वेग मंदावलाय, हे खरं.

बालविवाह रोखणारा शारदा कायदा 1929 चा, म्हणजे नुसत्या कायद्याने भागत नाही. मुलगी शाळेत टिकली की लग्न लांबतं. बीडकडे ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही, जोडीवर मिळते, त्यामुळे हंगामाआधी लग्नं उरकली जातात. आईबाप कारखान्यावर गेल्यावर मुलीला मागे ठेवायचं कुणाकडे, ही त्यांची खरी धास्ती असते. म्हणून हंगामी वसतिगृह दिवाळीनंतर नव्हे, टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हायला हवं, आणि आठवीनंतरच्या मुलींनाही तिथे जागा हवी. लग्नाची कुणकुण लागली तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अक्षता पडण्याआधी कळवलं तर लग्न थांबवता येतं. नंतर ते रद्द करायला कोर्टात जावं लागतं, आणि तो अर्ज मुलीलाच करावा लागतो. ती अल्पवयीन असेल तर पालक किंवा जवळच्या हितचिंतकामार्फत, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह.