मदत हवी आहे: सहा वर्षांच्या मुलाला हातशिलाई शिकवायची आहे, येणाऱ्या बाळासाठी तो काय शिवू शकेल? (नाशिक)

सातपूरकर

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि त्याला सुई-दोरा हवा आहे. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली आहे. दिवाळीच्या आसपास बाळ येईल. आई आणि ती दुपारी जुनी लुगडी काढून दुपटी, लंगोट बेतत बसतात. ते बघून याने ठरवलंय की आत्याच्या बाळाला आपणही काहीतरी शिवून द्यायचं. दुकानातलं नको, आणि आजीने शिवून "हे तू केलंस हं" म्हटलेलंही नको. टाके त्याचेच हवेत.

मला त्याचं म्हणणं मनापासून पटलं आहे. त्याने शिवलेली वस्तू रोजच्या वापरात यावी, कौतुक करून कपाटात जाऊ नये, एवढंच मला हवं आहे.

घरी पायाचं मशीन आहे, पण त्यावर त्याला बसवायचं नाही, हातानेच शिवू दे. अडतं कुठे ते सांगतो. दोरा नेढ्यातून सारखा निसटतो. सुई वरून खाली घालतो आणि काठावरून फिरवून परत वरूनच घालतो, त्यामुळे काठाला वेढे बसून कापड चुण्या होऊन गोळा होतं. जुन्या लुगड्याचं कापड इतकं मऊ की त्याच्या हातात ते ताठ राहतच नाही. शिवाय तो डावखुरा आहे, आम्ही सगळे उजवे. आई शेजारी बसून दाखवते तेव्हा तो सुई उजव्या हातात घेतो, जमत नाही म्हणून रडवेला होतो.

आईचं म्हणणं आहे की बाळ यायच्या आधी नवं कापड आणून त्याच्यासाठी शिवायचं नाही, घरातलं वापरलेलंच घ्यायचं. तिचा शब्द मला मोडायचा नाही. पत्नीला टोकदार सुईची धास्ती आहे, आणि तिचं बरोबरच आहे.

सुई कोणती, कापड कोणतं, डावखुऱ्याला कसं दाखवायचं आणि मुख्य म्हणजे शिवायचं काय? माझ्या पाळ्या बदलत असतात, दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळी आणि रविवारी मी त्याच्याजवळ बसू शकतो.

टाकेदोरे

दादा, सुईपासून सुरुवात करते. घरातली नेहमीची शिलाईची सुई त्याला देऊ नका. ती बारीक असते, लहान बोटांना धरता येत नाही आणि नेढं इतकं छोटं की दोरा ओवण्यातच मुलाचा उत्साह संपतो. लोकरीची बोथट सुई घ्या. टोक गोलसर असतं, नेढं लांबट. पण ती घट्ट विणीच्या कापडातून जात नाही, त्याला जाळीदार काहीतरी लागतं. मॅटी कापड चालेल. पैसे न घालवता करायचं तर कांद्याची लाल जाळीची पिशवी कापून भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवा. आपल्या जिल्ह्यात, लासलगाव जवळ असताना, ती कुठल्या घरात नसते! गोणपाटाचा तुकडाही छान.

दोरा निसटतो त्यावर उपाय सोपा आहे. दोरा ओवून दोन्ही टोकं एकत्र आणा आणि एकच गाठ मारा. दुपदरी झाला की सुई त्यातून सुटू शकत नाही. आणि दोरा लांब घेऊ नका. दुपदरी झाल्यावर त्याच्या हाताएवढा पुरे, लांब घेतला की गुंता ठरलेला. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतलात तर पीळ कमी पडतो.

मोठी भोकं जमली की मग भरतकामाची सुई. तिला टोक असतं पण नेढं मोठं असतं. तेव्हा मात्र शेजारी मोठं माणूस बसलेलंच हवं.

बालवाडीताई

मी बरीच वर्षं बालवाडीत आहे. काठावरून वेढे घालणं ही या वयाची नेहमीची पायरी आहे, त्याबद्दल रागावू नका. मुलाला कापडाची मागची बाजू दिसत नसते, म्हणून त्याच्या लेखी ती बाजू नसतेच. रिंगचा फायदा इथे होतो, ती उचलून खालून बघता येते.

आम्ही असं करतो: कापडावर ओळीने ठिपके काढायचे, एक लाल, एक निळा, मध्ये बोटभर अंतर. लाल ठिपक्यावर सुई आत जाते, निळ्यावर बाहेर येते. तोंडाने म्हणत शिवायचं, "लाल आत, निळा वर." काही दिवसांनी ठिपके नकोसे होतात, मूल स्वतःच अंतर धरतं. तोच धावदोरा. त्याआधी जाड पुठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडून बुटाची नाडी ओवायला दिली तर हाताला वळण लवकर लागतं.

एक वेळी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. त्याने "अजून" म्हटलं तरी सुई उचलून ठेवा, उद्या तो आपण होऊन येईल.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकण्याची साधनं केली होती. तुमच्याकडची कांद्याची जाळी आणि गोणपाट त्याच जातीचं. विकतचे शिलाईचे संच मला पटत नाहीत. त्यात सगळं आधीच कापून, भोकं पाडून दिलेलं असतं, मुलाला ठरवायला काही उरतच नाही.

मोहरी

छोटी बाहुली किंवा कापसाचा हत्ती का नाही? गुंड्यांचे डोळे लावायचे. आमच्याकडे मोहरीची उशीही करतात बाळाच्या डोक्याखाली, डोकं गोल राहतं म्हणतात. पिशवी शिवून मोहरी भरायची, मुलालाही जमेल.

निळीशाई

मोहरी, राग मानू नका, पण या दोन्ही गोष्टी नवजात बाळासाठी नकोत. पहिल्या वर्षात बाळ झोपतं तिथे उशी, मऊ खेळणी, सैल पांघरुणं ठेवू नका असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण नाकातोंडावर आलं तर बाळाला बाजूला सारता येत नाही. शिवण उसवून मोहरीचे दाणे बाहेर आले तर तो धोका वेगळाच. गुंडी तर तीन वर्षांच्या आतल्या कुठल्याच मुलाच्या खेळण्याला नको, ती निघाली की थेट तोंडात जाते. बाहुली करायचीच असेल तर डोळे दोऱ्याने भरा.

सातपूरकर, दुपट्याबद्दलही एक सांगायचं आहे. तुमच्या मुलाचे टाके आत्ता लांब पडणार. दुपट्यावर किंवा झबल्याच्या आतल्या बाजूला लांब सैल टाका असेल तर बाळाची बोटं त्यात अडकतात. दोरा बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडल्याच्या घटना होतात, म्हणून मोजे, हातमोजे, टोपडं अशा गोष्टींची आतली बाजू नेहमी तपासायची असते. त्यामुळे त्याने शिवलेली वस्तू बाळाच्या अंगाला लागणारी नको. बाळाच्या कामाची हवी, पण अंगावरची नको.

डावरी

मी डावखुरी आहे आणि लहानपणी मला उजव्या हाताने शिवायला लावलं होतं, म्हणून हे कळकळीने लिहिते. त्याचा हात बदलू नका. शेजारी बसून दाखवण्याऐवजी त्याच्या समोर बसा, तोंडासमोर तोंड. तुमचा उजवा हात त्याला आरशात दिसावा तसा डावा दिसेल आणि तो आपोआप तशीच नक्कल करेल. तुम्ही उजवे लोक धावदोरा उजवीकडून डावीकडे नेता, तो डावीकडून उजवीकडे नेईल. ठिपके काढताना पहिला लाल ठिपका डावीकडे काढा, बाकी काही बदलायचं नाही.

कात्रीचं मात्र खरंच वेगळं असतं. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी बसवलेली असतात. डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते आणि पाती फाकून कापड मध्ये चेमटतं. डाव्या हाताच्या लहान मुलांच्या कात्र्या ऑनलाइन मिळतात. ती येईपर्यंत कापायचं काम तुम्ही करा, नाहीतर त्याला वाटेल की आपल्यालाच जमत नाही.

आजींनाही समोर बसायला सांगा. त्यांच्या हातात जे आहे ते त्याला मिळायलाच हवं.

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कांद्याची जाळी रिंगमध्ये बसवून दिली. लाल-निळ्याचं त्याला लगेच कळलं. आई समोर पाट घेऊन बसली आणि पहिल्यांदाच त्याने सुई डाव्या हातात न कुरकुरता धरली. रिंग उलटी करून मागचे टाके बघतो आणि आत्याला दाखवायला पळतो.

पत्नीने सुयांसाठी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला आहे. बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या, आणि मोजायचं काम त्याचं. डबा वरच्या फळीवर.

निळीशाई, दोऱ्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं. आईलाही वाचून दाखवलं, तिने शिवलेल्या सगळ्या टोपड्यांच्या आतले दोरे ती पुन्हा कापत बसली आहे. पण मग प्रश्न तोच उरला. बाळाच्या कामाची पण अंगावरची नको अशी वस्तू कोणती? आणि लोकरीची सुई, रिंग हे नाशिकमध्ये कुठे बघू? रिंग बहिणीची होती, मुलासाठी लहान हवी.

गोधडीकाकू

बाळाची पिशवी शिवू दे त्याला. दवाखान्यात जाताना दुपटी, लंगोट, टोपडी जिच्यात भरून नेतात ती. पुढे लसीकरणाला जाताना, कुणाकडे जाताना तीच पिशवी रोज खांद्याला असते. टाके लांब असले, वाकडे असले तरी बाळाला त्याचा त्रास नाही. आणि तुमच्या आईंचंही ऐकलं जाईल, कारण सगळं जुन्यातून होतं.

कापड म्हणाल तर घरात जुना पंचा असेल. त्याची वीण मोकळी असते, भरतकामाची सुई सहज जाते. आजोबांचा असेल तर अजून चांगलं. तो मऊ पडला असेल तर भाताच्या पेजेची घट्ट खळ द्या आणि वाळवून इस्त्री करा. पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, मुलाच्या हातात छान उभा राहतो, चुण्या पडत नाहीत. शिवून झालं की धुवायचा, खळ निघून जाते. आमच्याकडे मुलींना पहिला धावदोरा शिकवताना खळीचंच कापड देत, मुलांनाही का देऊ नये?

माप सोळा इंच रुंद आणि दुमडून चौदा इंच उंच एवढं बस. चारी बाजूंना बोटभर माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवा. आधी सपाट कापडावरच त्याला हवं ते शिवू द्या, रेघा, घर, मासा, काहीही. दोरा भरतकामाचा. तो सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर वेगळे काढून ओवा, सहाच्या सहा ओढताना लहान हात थकतो. शिवताना तो गाठी मागच्या बाजूला सोडेल, सोडू दे. आतून लुगड्याचं अस्तर आलं की गाठी आणि लोंबणारी टोकं सगळी दोन कापडांच्या मध्ये बंद होतात, कपड्यांत अडकत नाहीत.

बाजूच्या शिवणीही त्यानेच धावदोऱ्याने घालाव्यात. पण नुसत्या त्या धावदोऱ्यावर ओल्या लंगोटांचं वजन पेलणार नाही. म्हणून त्याच्या टाक्यांच्या आतून, मायेवर, आजीने मशीनची टीप मारायची. हे त्याच्या समोर करा आणि त्याला सांगा की तुझा टाका दिसतो तो आणि आजीची टीप वजन धरते ती. लपवून केलं आणि नंतर त्याला कळलं तर त्याला वाईट वाटेल. तो म्हणालाच आहे ना, मोठ्यांनी शिवलेलं नको म्हणून. मग त्याला खरं सांगून विचारायलाच हवं.

टाकेदोरे

काकू, पिशवी अगदी योग्य सुचवलीत. सातपूरकर, सामानासाठी मेन रोडला जा, तिकडच्या शिलाईच्या सामानाच्या दुकानांत लोकरीची सुई, लहान रिंग, भरतकामाचे दोरे सगळं विचारा. दोरा पक्क्या रंगाचा मागा, लाल तर पहिल्या धुण्यात पंच्याला लागतो. घरी आणून ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. बुधवारी सुट्टी असेल तर गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारातही चक्कर मारा, मुलाला घेऊन. दोऱ्यांचे रंग त्यालाच निवडू द्या.

सातपूरकर

पंचा मिळाला, वडिलांचाच. आईने स्वतः काढून दिला आणि खळही तिनेच केली. मुलाला विचारलं, आजीने आतून टीप मारली तर चालेल का. बराच वेळ विचार करून म्हणाला, चालेल, पण आजीचा दोरा पांढरा आणि माझा निळा, म्हणजे कुणाचं कुठलं ते कळेल.

शेवटचं विचारतो. पिशवीचं तोंड बंद करायला काय करू? त्याला नाडी ओवायची आहे, पुठ्ठ्यावर ओवली तशी.

निळीशाई

पिशवी पाळण्याच्या आसपास टांगली जाणार, त्यामुळे लांब लोंबती नाडी नको, बाळाच्या मानेभोवती येऊ शकते. त्याची हौस मोडायची नसेल तर आखूड नाडी घ्या. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर वीतभरही बाहेर लोंबणार नाही एवढीच, आणि दोन्ही टोकं शिवणीत टाचून टाका म्हणजे ओढून निघणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे वरून झाकण दुमडून घ्या आणि वेल्क्रो लावा. वेल्क्रोची पट्टी मात्र आजींनी मशीनवर शिवावी, ती हाताला फार कडक जाते. खांद्याचा पट्टाही रुंद आणि आखूड ठेवा, आणि घरी असताना पिशवी पाळण्यापासून दूर, खुंटीवर.

गोधडीकाकू

वेल्क्रो असेल तर आधी धुऊन वाळवलेल्या पंच्यावरच लावा. पंचा खळीतून निघाल्यावर थोडा आटतो, ताठ असताना मापं घेतलीत तर झाकण नंतर तिरकं बसेल.