मदत हवी आहे: पार्सलचे खोके अजूनही पुसायचे का?

नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या चालू. त्यामुळे पार्सल आलं रे आलं की सासूबाई त्यावर सॅनिटायझर फवारतात आणि दिवसभर दाराशी ठेवतात. परवा पत्त्याची शाई तर पसरलीच, आतलं बिलही ओलं झालं.

2020 मधल्या प्रयोगात कोरोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत, प्लॅस्टिकवर 72 तासांपर्यंत सापडला होता. सासूबाई तिथेच अडकल्यात. पण ती प्रयोगशाळा. विषाणू मुद्दाम टाकलेला, आणि तोही तासागणिक घटतच होता. 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे 10,000 मध्ये 1 पेक्षाही कमी. माझ्या मते खोक्यापेक्षा समोर बसून खोकणारा पाहुणा जास्त धोक्याचा. (हे घरात बोलायची सोय नाही!)

मला खरी धास्ती आहे नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूची. तो पृष्ठभागावर चिवट, अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, आणि थोडासा पोटात गेला तरी पुरतो.

इथे कुणी डॉक्टर, नर्स किंवा असा पेशंट सांभाळणारे असाल तर सांगा: खोकं टाकून देऊन साबणाने हात धुतले की भागतं का? घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर नळ, कड्या, फ्लशचं बटण ब्लीचने किती दिवस पुसत राहायचं? आमच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण पुढच्या तपासणीला अजून वेळ आहे.