वेटाळाच्या ग्रुपवर : सहा घरं, एक गाडी

गुरुजी: मंडळी, परवा रात्री घरी एकाएकी पोटदुखी उठली. अमरावतीसाठी भाड्याची गाडी मिळेपर्यंत दोन वाजले. तीन हजार दिले. गाडीवाल्याला दोष नाही, तोही झोपेतून उठूनच आला. पण आपण सहा घरांनी मिळून एक जुनी सात सीटर घेतली तर? इथंच बोला. पारावर विषय निघाला की त्यात पाण्याच्या नळाचं भांडण घुसते.

मिस्त्री: घ्या ना. माह्या नजरेत एक इको हाय, दर्यापूरची. क्लच प्लेट नवी टाकेल हाय. दोन चाळीस म्हणते, दोन पंचवीसले देईन.

डेअरीवाले भाऊ: म्हणजे घरामागं चाळीसच्या आत. चालते. सकाळी दुधाच्या कॅना नेता येतीन काय?

शिलाईवाल्या वहिनी: बिलकुल नाई. दुधाचा वास एकदा सीटले लागला का उन्हाळाभर जात नाई. आन मले सांगा, दिवसा गाडी लागतेच कायले? मार्च 2023 पासून आमाले एसटीत अर्धं तिकीट हाय. आबाजीले पंच्याहत्तर झाले, त्याईले पूर्णच फुकट. मंग बाजाराले जायले मी पेट्रोल काऊन जाळू? गाडी पाहिजे ते शेवटची एसटी गेल्यावर.

आशाताई: वहिनीचं बराबर हाय. अजून एक सांगतो. जिवावरचं असन तं आधी 108 लेच फोन लावा. त्याच्यात डॉक्टर असते, ऑक्सिजन असते. आपल्या गाडीत काय राहीन, ताडपत्री आन जॅक. बाळंतिणीसाठी 102 हाय, तेही फुकट. पण 108 दवाखान्यात पोचवून देते, तिथून सुट्टी झालेल्या माणसाले घरी आणून सोडत नाई. आन कोपऱ्यावरच्या काकाचं पाहा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार-चार तास मशीनवर. उतरल्यावर माणसाले धड उभं राहवत नाई आन एसटीत दांडी धरून यावं लागते. आपल्या वेटाळात गाडीची खरी गरज त्या एका घराले हाय.

कोपऱ्यावरचं घर: ताई, बाबा वाचून रायले ग्रुप. ते म्हणते, सगळ्याईले सांगा आम्ही पेट्रोल पूर्ण देऊ.

गुरुजी: पेट्रोलचं नंतर बघू. त्यांचे दोन वार आधी पक्के. ते कोणी मागायचे नाहीत.

मिस्त्री: मले एक सुचलं. गाडी रिकामी असन तेव्हा दर्यापूर-अमरावती सीटा भरू. सीटमागं ऐंशी घेऊ. वर्षभरात पैसा वसूल. काळीपिवळीवाले तेच तं करतात.

विमावाले काका: थांब बापा, तिथंच तू सगळ्यांना बुडवशील. काळीपिवळीजवळ परमिट असते. आपली राहीन पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी. तिच्यात सीटमागे पैसे घेतले की ती भाड्याची गाडी झाली आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 प्रमाणे परमिटशिवाय तसं चालवता येत नाही. पोलिसांचा दंड भरून सुटाल, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते, गाडीत बसलेले लोक कोण आणि त्यांनी पैसे दिले काय? तिथं क्लेम अडकते. सहा घरांनी आपसात पेट्रोल वाटून घेणं वेगळं, रस्त्यावर हात दाखवणाऱ्याला बसवून पैसे घेणं वेगळं.

दुसरं, विमा काढताना स्वस्तातली नुसती थर्ड पार्टी काढू नका. तिच्यात समोरचा माणूस येतो, आपल्याच गाडीत बसलेली माणसं येत नाहीत. पॅकेज पॉलिसी घ्या, म्हणजे समोरच्यासोबत आपली गाडीही धरलेली. 15 लाखांचं वैयक्तिक अपघाताचं कव्हर असते ना, ते मालक-चालकाचं, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी (गाडीची नोंदणी) आहे, फक्त त्याच्यासाठी. आपली गाडी तर रोज वेगळा माणूस चालवणार. म्हणून ड्रायव्हर आणि प्रवाशांचं जादा कव्हर टाकून घ्यायचं. थोडे पैसे जातात, पण तिथं कंजुषी करू नका.

डेअरीवाले भाऊ: मंग आरसी कोणाच्या नावावर?

(अर्धा तास कोणीच काही टाकलं नाही.)

पुण्याचा पोट्टा: काका, हे काही नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला 1948 मध्येच लोकांनी सहकारी संस्था काढून गाड्या वाटून वापरल्या होत्या. तुम्ही पण एक ॲप घ्या, बुकिंग त्यावर.

शिलाईवाल्या वहिनी: बाळा, झुरिकात प्रकटदिनाले सहाही घरं एकाच दिवशी शेगावले निघतात काय?

मिस्त्री: आन सोयाबीन काढायच्या वक्ताले? तवा सगळ्याईलेच गाडी पाहिजे, आन सगळ्याईचेच कट्टे असतात.

गुरुजी: कट्टे नाहीत, बकऱ्या नाहीत, सिमेंट नाही. माणसंच बसतील. बुकिंग ॲपवर नाही, माझ्या ओट्यावर वही राहील. शेगावसाठी चिठ्ठ्या टाकू. पण कोणी दवाखान्याचं म्हणालं की वहीत नाव कोणाचंही असो, गाडी त्याची. जो नेईल त्यानं टाकी भरून परत लावायची. मागं चार घरांनी मिळून फवारणीचा पंप घेतला होता, त्यात कोणी कधी तेल टाकलं, हेच कळत नव्हतं. तो पंप आता कोणाच्या गोठ्यात आहे, विचारूच नका.

आरसीचं म्हणाल तर कोणाही एकाच्या नावावर करावी लागेल. माझं वय 71. उद्या मी गेलो तर तीन महिन्यांत वारसानं आरटीओत नाव बदलावं लागते, आणि माझी दोन्ही पोरं बाहेर. म्हणून नाव डेअरीवाल्यांचं. बाकी पाच घरांनी किती पैसे घातले, कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्याला किती परत, हे 500 च्या स्टॅम्पवर लिहायचं, सगळ्यांच्या सह्यांनी.

डेअरीवाले भाऊ: माह्या नावावर असन तं माहं एक ऐका. मिस्त्रीचा पोट्टा गाडीले हात लावणार नाई.

मिस्त्री: काऊन? टॅक्टर चालवते तो फस्कलास.

विमावाले काका: वय?

मिस्त्री: सतरा लागलं.

विमावाले काका: अठराच्या आतल्यानं चालवली की त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम 199-अ लागते. गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, वर 25 हजार दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. तुझा पोट्टा चालवीन अन् डेअरीवाले आत जातीन.

मिस्त्री: बरं बावा, नाई देत.

आशाताई: मंग रात्री दोन वाजता चालवन कोण, ते सांगा. गाडी दारात उभी राहीन आन ड्रायव्हर राहणार नाई.

गुरुजी: रास्त प्रश्न. ज्यांच्याजवळ लायसन्स आहे त्यांनी दोन्ही बाजूंचा फोटो आत्ता टाका. चारचाकीचं पाहिजे, मोटरसायकलचं नको.

विमावाले काका: (फोटो)

डेअरीवाले भाऊ: (फोटो)

मिस्त्री: (फोटो)

विमावाले काका: मिस्त्री, तारीख पाहा. दोन वर्षं झाले संपून.

मिस्त्री: अरे देवा. आन मी तं काल अकोल्यावरून आलो ना बे, पिकअप घेऊन.

शिलाईवाल्या वहिनी: माह्यं काढून द्या कोणी. मी शिकतो. रात्री मी तशीही बारा वाजेपर्यंत मशीनवर जागीच राहतो.

गुरुजी: वहिनींचं लर्निंग सोमवारी. मिस्त्री, तूही त्यांच्यासोबत आरटीओत ये. एसटीनं.